उभारून दिलेला सर्व्हर शेवटी कोणाचा?

कान्हकाठी (धागाकर्ता, इंदूर)

नमस्कार. आम्ही चार मित्र आपापल्या नोकऱ्या सांभाळून इंदुरातल्या लहान तांत्रिक चमूंना मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर चालवण्यासाठी मदत करतो. कोणाला प्रोग्राम ठेवण्यासाठी गिटी किंवा फोर्जेयो हवे असते, कोणाला आपसांतल्या संदेशांसाठी झुलिप किंवा मॅटरमोस्ट, तर कोणाला फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड. येणाऱ्यांची कारणेही आता पाठ झाली आहेत. माणशी दरमहा डॉलरमध्ये मोजावे लागणारे भाडे, 'आमचे आराखडे तुमच्या कार्यालयाबाहेर जाता कामा नयेत' अशी ग्राहकाने घातलेली अट, आणि अटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्राहकाच्या यंत्रावर चालणाऱ्या आपल्या सर्व्हर आवृत्त्यांची देखभाल थांबवल्यावर पर्याय शोधत फिरणारे काही जण.

उभारणी हे काम अर्ध्या दिवसाचे असते. अडचण त्यानंतर सुरू होते आणि त्याविषयीच हा धागा आहे.

सांवेर रोडवर यंत्रभागांचे आराखडे करणारी एक लहान कंपनी आहे. त्यांना आम्ही २०२४ च्या सुरुवातीला नेक्स्टक्लाउड उभारून दिले. मागे पोस्टग्रेस डेटाबेस, सगळे डॉकरच्या कंटेनरांत, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपल्या वेगळ्या बंद डब्यात. पुढे २०२५ च्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री तिथल्या तरुण अभियंत्याचा फोन आला, "भैया, सब डेटा उड़ गया." प्रत्यक्षात काहीच उडाले नव्हते. कोणता कंटेनर कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कम्पोज फाइलीत मी डेटाबेसच्या आवृत्तीचा आकडा न लिहिता नुसते 'लेटेस्ट' लिहिले होते. त्याने भाबडेपणाने सगळे कंटेनर ताजे करून घेतले, तेव्हा सोळाव्या आवृत्तीच्या जागी सतरावी येऊन बसली, आणि जुन्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइली आपल्याला वाचता येत नाहीत असे सांगून ती बंद पडली. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलताना डेटाचे रीतसर स्थलांतर करावे लागते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आकडा सोळा केल्यावर सर्व पूर्ववत सुरू झाले. मात्र फोन करण्याआधी डेटाबेसचा फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी असे त्याच्या मनात आले होते, आणि त्याने तसे केले नाही ते केवळ घाबरून.

खरी लाज पुढे वाटली. "पुसला असता तरी रोजचा बॅकअप होताच ना," असे मी त्याला धीराने म्हणालो आणि बॅकअपचा फोल्डर उघडला. दर रात्रीची फाइल जागेवर होती. प्रत्येक फाइल बरोबर वीस बाइटची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला काहीही दिले नाही तरी तो वीस बाइटची एक रिकामी फाइल इमानदारीने तयार करतो. कंटेनरांबाहेर, मूळ यंत्रावर उबुंटू २२.०४ या लिनक्सबरोबर आलेला चौदाव्या आवृत्तीचा पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम, होता, डेटाबेस सोळावा होता, आणि पीजी-डंप स्वतःपेक्षा नव्या मोठ्या आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत काढायला नकार देतो. तो नकार पुढच्या जीझिपने झाकून टाकला, कारण पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीचे फलित पुढचीला देणाऱ्या, आज्ञांत शेवटची आज्ञा यशस्वी झाली की सगळी ओळच यशस्वी मानली जाते. 'पाइपफेल' हा एक शब्द लिहिला असता तर पहिल्याच रात्री बिंग फुटले असते. ती स्क्रिप्ट माझी होती आणि ती सव्वा वर्ष रोज रात्री शून्याचा बॅकअप घेत होती.

आता प्रश्न. अशा चमूंना मदत करताना आपली हद्द कुठे संपते? सर्व्हर त्यांचा, पण रात्री फोन आमचा वाजतो. आम्ही काढता पाय घेतला तर त्यांचे बुडेल, आणि नाही घेतला तर आम्ही बिनपगारी राखणदार होऊन बसू. जाणकारांनी आपापली पद्धत सविस्तर सांगावी ही विनंती.

दांडियाबाजार (वडोदरा)

आपली चूक मोकळेपणाने लिहिलीत, त्यामुळे पुढची चर्चा सोपी झाली. अगदी हीच चूक प्रोग्रामरांचे काम ठेवून घेणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीकडून झाली होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर डेटाबेसचा फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरल्यावर ते त्याच्या ध्यानात आले. पीजी-डंपच्या प्रती पाहाव्यात तर त्या नव्हत्याच, कारण डेटाबेस ९.६ चा होता आणि प्रत काढणारा पीजी-डंप ९.२ चा. ही आज्ञा फसल्याची पत्रे दररोज पाठवली जात होती, परंतु पत्रांच्या सत्यतेच्या तपासणीत ती नापास होऊन परस्पर नाकारली जात होती. शेवटी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत कामी आली आणि नुकसान सहा तासांच्या नोंदींवर निभावले. हे सर्व त्यांनी स्वतःच जगासमोर मांडले, म्हणून आज आपल्याला ते शिकता येते.

त्या न पोहोचलेल्या पत्रांवरूनच माझा पहिला नियम सांगतो. मदत मागायला आलेल्या चमूला मी सर्वप्रथम विचारतो, की काय काय स्वतः चालवायचे नाही हे तुम्ही ठरवले आहे का? ईमेल त्या यादीत अग्रभागी असावे. सर्व्हर उभारणे जमते, पण पत्र समोरच्याच्या पेटीत पोहोचवणे आपल्या हाती नसते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि उलट दिशेची डीएनएस नोंद, म्हणजे पत्र खरोखर आपलेच आहे हे पटवणाऱ्या इंटरनेटच्या नाव-वहीतल्या नोंदी, हे सर्व बिनचूक असूनही आपला आयपी पत्ता नवखा असेल तर पत्र स्पॅममध्ये जाऊन पडते. शिवाय घरगुती आणि लहान कार्यालयांच्या जोडण्यांवर पत्रे ज्यातून जातात ते पंचवीस क्रमांकाचे पोर्ट (यंत्राचे क्रमांकित दार) बहुधा बंदच असते, आणि कित्येक ठिकाणी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यामुळे बाहेरून आत येण्याचा रस्ताच नसतो. ईमेल भाड्याने घ्यावे आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

सुरुवात गिटपासून, म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीपासून करावी. गिटचा सर्व्हर जळून गेला तरी प्रत्येक प्रोग्रामरच्या यंत्रावर पूर्ण इतिहासासह प्रत असते. चर्चा आणि तक्रारींच्या नोंदी मात्र जातात, कारण त्या डेटाबेसमध्ये असतात, हे त्यांना आधीच सांगावे. चमूचे हात या कामात रुळले की मग नेक्स्टक्लाउड. तुम्ही पहिल्याच पायरीला आराखड्यांची एकमेव प्रत त्यांच्या हाती सोपवलीत, हे मला स्क्रिप्टच्या चुकीपेक्षा मोठे वाटते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

दांडियाबाजार यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न हद्दीचा आहे आणि काय उभारावे याच्या यादीने तो सुटत नाही. त्यांच्या संपूर्ण हकिगतीत मला एक गोष्ट खटकली. कम्पोज फाइल त्यांनी लिहिली, स्क्रिप्ट त्यांनी लिहिली, आकडा बदलून सर्व्हर सुरूही त्यांनीच केला. तो तरुण अभियंता सव्वा वर्षात कीबोर्डजवळ फक्त एकदा आला आणि त्याच दिवशी गोंधळ झाला. यात नवल कसले?

लग्नघरी आचारी येतो, पाचशे पाने उठवतो आणि जातो. कोठीची किल्ली मात्र घरच्याच माणसाच्या कमरेला असते. आपण मदतनीस लोक आचाऱ्याचे काम करतो आणि किल्लीही खिशात घालून घरी येतो. मग रात्री फोन येणारच.

माझी पद्धत अशी आहे की पहिल्या दिवसापासून मी टंकलेखन करत नाही. खुर्ची त्यांच्या माणसाची, मी शेजारी बसून फक्त बोलतो. यामुळे अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात आणि ते चमूच्या मालकांना आवडत नाही, हे खरे. पण त्या तीन दिवसांत तो माणूस अडखळतो, चुकीच्या फोल्डरमध्ये जातो, लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी) वाचायला शिकतो, आणि त्याच्या चुका त्याच्याच वहीत त्याच्याच शब्दांत नोंदल्या जातात. मी लिहिलेली सुबक माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही. स्वतःच्या हस्ताक्षरातली वही उघडली जाते. दुसरी अट अशी, की अशी माणसे दोन हवीत. एक आजारी पडला किंवा नोकरी सोडून पुण्या-बंगळुरूला गेला तर दुसरा असलाच पाहिजे. दोन माणसे देता येत नसतील तर मी नम्रपणे नकार देतो.

कान्हकाठी (धागाकर्ता, इंदूर)

लष्करकर, आपले म्हणणे झोंबले आणि पटलेही. परंतु दोन माणसांची अट लहान चमूंना परवडत नाही. या कंपनीत एकूण सात जण आहेत, पाच जण आराखडे करतात, एक मालक आणि एक हिशेब पाहणाऱ्या बाई. तिथे दुसरा माणूस आणायचा कुठून?

लष्करकर (ग्वाल्हेर)

हिशेब पाहणाऱ्या बाईंना विचारून पाहा. रोजची नोंद न चुकता करण्याची सवय त्या चमूत बहुधा त्यांनाच सर्वाधिक असेल. बॅकअपची फाइल काल केवढी होती आणि आज केवढी आहे, एवढे एक रकाना आखून दररोज लिहिले असते तरी वीस बाइट पहिल्याच आठवड्यात पकडले गेले असते.

कुंपणवाला

बॅकअपवर बरेच बोलून झाले, कुंपणाबद्दल, म्हणजे फायरवॉलबद्दल, कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. डॉकर आणि यूएफडब्ल्यू हा फायरवॉल एकत्र वापरणाऱ्या बहुतेक नवख्या चमूंचा असा समज असतो की यूएफडब्ल्यूने पोर्ट बंद केले म्हणजे ते बंद झाले. प्रत्यक्षात डॉकर त्याखालच्या आयपीटेबल्स या लिनक्सच्या नियमावलीत स्वतःचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. परिणामी कम्पोज फाइलीत डेटाबेसचे पोर्ट जाहीर केलेले असेल, तर यूएफडब्ल्यू 'बंद' दाखवत असतानाही बाहेरच्या जगाला ते उघडे असते. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःपुरता पत्ता) लिहावे, किंवा डेटाबेसचे पोर्ट जाहीरच करू नये. कंटेनरांना आपसांत बोलण्यासाठी त्याची गरज नसते. तपासणी नेहमी बाहेरून करावी, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवरून. आतून सगळेच सुरक्षित दिसते.

सात जणांच्या चमूचे नेक्स्टक्लाउड जगासमोर ठेवण्याचे मला तर काहीच कारण दिसत नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन (खासगी सांकेतिक बोगदा) मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याच्या आड सर्व सेवा ठेवाव्यात. अशा आतल्या यंत्रालाही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे, जोडणी सुरक्षित असल्याचे फुकट प्रमाणपत्र मिळते, फक्त पडताळणी डीएनएसमधल्या नोंदीने करावी लागते. प्रमाणपत्रे फार तर नव्वद दिवसांची असतात आणि मुदत संपत आल्याची आठवण देणारी पत्रे त्या संस्थेने जून २०२५ पासून बंद केली आहेत, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होते की नाही याची पाहणी स्वतःच ठेवावी लागेल.

आणखी एक बाब मालकांच्या कानावर घालावी. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ही जबाबदारी संस्थेची असते, शनिवारी रात्री फोन उचलणाऱ्या मित्राची नव्हे. हद्द कुठे आखावी असे धागाकर्ते विचारतात, तर निदान ही एक रेघ सरकारनेच आखून ठेवली आहे.

जमाखर्च

थोडा विरोधी सूर लावतो. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून सेल्फ-होस्टिंग (सगळे स्वतःच्या यंत्रावर चालवणे) स्वस्त आहे, हा हिशेब मला कधीच जमलेला नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या, मे महिन्यात तापणारी खोली, दुसरी डिस्क, आणि सर्वांत महाग म्हणजे त्या तरुण अभियंत्याचे महिन्याचे काही दिवस, हे सर्व मांडले तर लहान चमूसाठी भाड्याची सेवाच पुष्कळदा स्वस्त पडते. ज्यांच्यावर ग्राहकाची अट आहे त्यांनी जरूर स्वतः चालवावे. इतरांनी केवळ हौस म्हणून त्यात पडू नये.

'मुक्तस्रोत म्हणजे कायमचे आपले' हेही तितकेसे खरे नाही. इलास्टिकसर्चने २०२१ मध्ये, टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले मुक्त परवाने बदलून बंधने घातली.

दांडियाबाजार (वडोदरा)

जमाखर्च यांनी उदाहरणे दिली ती खरी आहेत, पण अर्धीच दिली. त्या तिन्हींच्या पाठोपाठ ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की हे फाटे (जुन्या मुक्त प्रोग्रामवरून वेगळे काढलेले प्रकल्प) निघाले, आणि इलास्टिकसर्च व रेडिस यांनी पुढे एजीपीएल हा मुक्त परवानाही देऊ केला. आधीच्या आवृत्ती ज्या परवान्याखाली प्रसिद्ध झाल्या तो कोणालाही मागे घेता येत नाही, म्हणूनच हे फाटे काढता आले. भाड्याच्या सेवेने दर बदलले तर तुमच्यापुढे असा कोणता रस्ता असतो? नेक्स्टक्लाउड स्वतःच २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून निघालेला फाटा आहे. एजीपीएलचे नाव ऐकून काही मालक दचकतात, त्यांना एवढे सांगावे की मूळ प्रोग्राममध्ये काहीही बदल न करता तो आपल्या कार्यालयात वापरल्याने त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामवर कोणतेही बंधन येत नाही.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. यंत्र कार्यालयातच असले पाहिजे असे नाही. मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमधले भाड्याचे यंत्र घेतले तरी सॉफ्टवेअर, डेटा आणि किल्ल्या आपल्याच राहतात आणि बॅटऱ्यांची कटकट संपते.

सूचीकार (इंदूर)

मूळ विषयाला जोडूनच एक अनुभव सांगतो, कारण मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. आमच्याकडे एका ग्रंथसंग्रहाची मराठी सूची पोस्टग्रेसमध्ये होती. डेबियन या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीचे जुने यंत्र काढून डेबियन १० चे बसवले आणि डेटाबेसचा फोल्डर जसाच्या तसा उचलून तिकडे ठेवला. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, त्यामुळे काही तक्रार न होता सर्व सुरू झाले. काही दिवसांनी असे दिसू लागले की काही लेखकांची नावे शोधली तर सापडत नाहीत, पण यादी वरपासून खाली चाळली तर दिसतात. 'सापडत नाही' म्हणून कोणीतरी तेच नाव पुन्हा भरले आणि एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा स्वीकारली गेली.

कारण असे निघाले की अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा स्वतः ठरवत नाही, तो कार्यप्रणालीच्या ग्लिबसी या संग्रहाकडून घेतो, आणि ग्लिबसीच्या २०१८ मधल्या २.२८ या आवृत्तीने हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. जुन्या क्रमाने रचलेली अनुक्रमणिका (इंडेक्स) नव्या क्रमाने वाचली जात होती. दुसऱ्याच्या घरातली फडताळे आपल्या सवयीने उघडावीत तसे. सर्व अनुक्रमणिका नव्याने बांधल्यावर शोध सुधारला. दुबार नोंदी मात्र हाताने निवडाव्या लागल्या. आजही कंटेनरचा पाया, म्हणजे आतली कार्यप्रणाली, एका डेबियनवरून दुसऱ्यावर गेला की हाच धोका असतो, फक्त आता पोस्टग्रेस तसा इशारा देतो. म्हणून धागाकर्त्यांनी आकडा लिहिताना नुसते 'सोळा' न लिहिता पायाचे नावही लिहावे असे सुचवतो.

कान्हकाठी (धागाकर्ता, इंदूर)

सर्वांचे प्रतिसाद छापून घेऊन मागच्या रविवारी त्या कंपनीत गेलो. जाताना एक जुने, पूर्ण रिकामे यंत्र बरोबर नेले आणि तरुण अभियंत्याला म्हणालो, की तुमचा सर्व्हर चोरीला गेला आहे असे समजा आणि बॅकअपवरून यावर उभा करा. लष्करकरांच्या आज्ञेप्रमाणे मी हात मांडीखाली घेऊन बसलो, आणि ते किती कठीण आहे हे ज्याने केले त्यालाच कळेल.

सकाळी दहाला सुरू केलेले काम संध्याकाळी साडेपाचला संपले. मे महिन्यातील प्रकारानंतर डेटाबेसची प्रत मी दुरुस्त केली होती आणि फाइलीही रेस्टिक या बॅकअप-प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर जात होत्या, तरीही पहिल्या दोन तासांत ध्यानात आले की नेक्स्टक्लाउडची कॉन्फिग (मांडणीची) फाइल आम्ही बॅकअपमध्ये घेतलेलीच नाही. त्या सर्व्हरची गुप्त किल्ली आणि पासवर्डमध्ये मिसळले जाणारे 'मीठ' (सॉल्ट नावाची गुप्त अक्षरे) दोन्ही त्याच फाइलीत असतात. खरी चोरी झाली असती तर तिथेच अडलो असतो. सुदैवाने मूळ यंत्र शेजारीच होते. त्यानंतर नव्या पत्त्यावर नेक्स्टक्लाउडने 'हे नाव माझ्या विश्वासातले नाही' असे सांगून दार लावून घेतले, आणि ती यादीही त्याच फाइलीत असते हे शोधायला अभियंत्याला पाऊण तास लागला. मला उत्तर ठाऊक होते. मी बोललो नाही. शेवटी मालकांनी एक जुना आराखडा उघडून पाहिला आणि तारीख व मापे बरोबर असल्याचे सांगितले.

हिशेब पाहणाऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. त्या दिवसभर शेजारी बसून होत्या आणि वही त्यांनीच लिहिली. अभियंत्याने सांगितलेली सातवी पायरी त्यांनी दोनदा परत विचारली, तेव्हा उघड झाले की बॅकअपच्या आधी नेक्स्टक्लाउड देखभाल-स्थितीत न्यावे लागते हे त्याने गृहीत धरले होते, सांगितले नव्हते. अद्ययावत करण्याचे वेळापत्रकही आखले आहे, कारण नेक्स्टक्लाउडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुमारे वर्षभरच आधार मिळतो आणि मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. रेस्टिकचा साठा सांकेतिक असतो आणि त्याचा पासवर्ड हरवला तर आतले काहीही मिळत नाही. तो पासवर्ड सध्या माझ्याकडे आणि त्या अभियंत्याकडे आहे. तो नोकरी सोडून गेला तर काय करावे? बंद पाकीट तिजोरीत ठेवावे का?

लष्करकर (ग्वाल्हेर)

पाकीट ठेवाच, पण त्याआधी रेस्टिकच्या एका सोयीचा उपयोग करा. एकाच साठ्याला एकापेक्षा अधिक पासवर्ड देता येतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे काढून टाकता येतो. एक पासवर्ड अभियंत्याचा, एक बाईंचा, एक मालकांच्या पाकिटातला. तिन्हींनी साठा खरोखर उघडतो हे पाहून घ्या. त्यानंतर तुमचा काढून टाका.

कान्हकाठी (धागाकर्ता, इंदूर)

आज संध्याकाळी तसे केले. तिन्ही पासवर्डांनी साठा उघडून पाहिला. माझा काढण्याची आज्ञा बाईंनी वहीत बघून दिली, आणि मग खात्रीसाठी मला खुर्चीत बसवून माझा पासवर्ड टाकायला लावला. तो चालला नाही.